जॉन-जोंच्या शेतातला पिंजरा

“बघू,” जॉन-जो म्हणाले. मी पुढे केलेला फॉर्म त्यांनी हातात घेतला नाही. ओट्याकडे नुसती मान हलवली. “तिथे ठेव. ब्रेडच्या डब्यामागे. उडायचा नाही.”

मी फॉर्म ब्रेडच्या डब्यामागे ठेवला. तिथे आधीपासून दोन फॉर्म होते. दोन्ही मीच आणून दिलेले.

“पाऊस येणार,” ते म्हणाले.

“येणारच,” मी म्हणाले आणि बाहेर पडले. गाडीत बसल्यावर स्टिअरिंगवर एक थापट मारली. दर वेळी चहा, दर वेळी बिस्किटं, दर वेळी ‘बघू’. तोंडावर ‘नाही’ म्हणाले असते तर मी निदान दुसरं काही सुचतंय का ते पाहिलं असतं.

ही गोष्ट आयर्लंडच्या पश्चिमेची, मेयो काउंटीतली. तेव्हा आम्ही कासलबारला राहत होतो. माझा नवरा श्रीकांत तिथे मेडिकल डिव्हाइस बनवणाऱ्या एका प्लँटमध्ये क्वालिटीत होता. मी पुण्यात ज्युनिअर कॉलेजला झूऑलॉजी शिकवायचे. इथे आले ती डिपेंडंट व्हिसावर. पहिले काही दिवस घर लावण्यात गेले, पुढचे बरेच दिवस लावलेलं घर परत लावण्यात गेले. शेवटी एका पक्षीसंवर्धन प्रकल्पाची जाहिरात दिसली आणि मी अर्ज केला. इंटरव्ह्यूत ग्रोन्याने, म्हणजे पुढे जी माझी बॉस झाली तिने, एकच प्रश्न विचारला होता, “चिखलात चालशील का?” मी म्हटलं, चालेन. त्यावर नोकरी लागली.

काम काय, ते थोडं समजावून सांगते. कर्ल्यू नावाचा पक्षी आहे. तपकिरी, लांब पायांचा, आणि चोच अशी लांब आणि वाकडी की एखाद्या मुलाचा चित्र काढताना हात घसरावा तशी. हिवाळ्यात तो आपल्या कोकणातल्या खाड्यांवरही येतो. आयर्लंडमध्ये मात्र तो अंडी घालतो, आणि घालतो ती जमिनीवर, ओल्या कुरणात, उघड्यावर. एकेकाळी इथल्या प्रत्येक गावात त्याची शीळ ऐकू यायची म्हणतात. आता जोड्या शोधाव्या लागतात. उरलेल्या जोड्यांची अंडी कोल्हे आणि कावळे खातात. तेव्हा घरट्याभोवती कोल्ह्यांसाठी विजेचं कुंपण घालायचं आणि कावळे पिंजऱ्यात धरायचे, हे आमचं काम. धरलेल्या कावळ्यांचं काय, हा प्रश्न आई फोनवर कधी विचारायची नाही, कारण तिला मी फक्त ‘पक्ष्यांचं रक्षण’ एवढंच सांगितलेलं होतं. उरलेलं मी गिळून टाकायचे. धरलेले कावळे आम्ही मारायचो. झटकन आणि नियमाप्रमाणे, पण मारायचो. कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद असलेल्या घरातली मी.

इथला हा कावळा म्हणजे ग्रे क्रो. आपल्या गावकावळ्याचा सख्खा चुलतभाऊ शोभेल. डोकं आणि पंख काळे, मधे करडा कोट. त्याला धरायच्या पिंजऱ्याला लार्सन ट्रॅप म्हणतात. पिंजऱ्याला दोन कप्पे. एकात आधीच धरलेला एक जिवंत कावळा ठेवायचा, त्याला कॉल बर्ड म्हणतात. विणीच्या दिवसांत त्या भागाची मालक जोडी हा परका कोण आला म्हणून भांडायला येते, दुसऱ्या कप्प्यातल्या दांडीवर बसते, दांडी खाली जाते आणि दार मिटतं. कॉल बर्डला रोज खाणं, ताजं पाणी, पावसापासून आडोसा, बसायला दांडी, हे सगळं द्यावंच लागतं. पिंजरा रोज तपासावाच लागतो. आणि सगळ्यात आधी लागते ती जमीनमालकाची परवानगी. ती नसेल तर कुंपणापलीकडे पाऊल टाकायचं नाही.

परवानगी मागण्याचं एक शास्त्र आहे. गाडी गेटात आडवी लावायची नाही. प्रकल्पाचं नाव छापलेलं जॅकेट गाडीतच ठेवायचं, कारण जॅकेटवाला दिसला की शेतकऱ्याला वाटतं, आला हा आपल्याला आपली शेती शिकवायला. मार्टच्या दिवशी, म्हणजे गुरांच्या बाजाराच्या दिवशी, जायचं नाही. दार उघडल्यावर कामाचं बोलायचं नाही. आधी हवा, मग गुरं, मग गवत, मग शेजाऱ्याच्या खुब्याचं ऑपरेशन. चहा विचारतात. पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा अगदी खरंच नको म्हणायचं. तिसऱ्यांदा बसायचं. ग्रोन्या नव्या लोकांना हे ट्रेनिंगमध्ये शिकवायची. मला गरज पडली नाही. माझं सगळं लहानपण मावश्या-आत्यांकडे नको नको करत चहा पिण्यात गेलेलं आहे. कामाचं काढायचं ते शेवटी, निघताना, दाराच्या कडीवर हात ठेवून. “बरं, एक विचारायचं राहिलंच.”

या पद्धतीने मी त्या परिसरातल्या सगळ्या घरांतून परवानग्या मिळवल्या होत्या. एक म्हातारी बाई तर म्हणाली, “माझ्या पुतण्यालाही पिंजऱ्यात घाल, ग्रँड होईल.” इथे झकासला ग्रँड म्हणतात. राहिले होते ते फक्त जॉन-जो. आणि नेमकी कर्ल्यूची जोडी त्यांच्याच शेतात उतरली होती.

जॉन-जो सत्तरी ओलांडलेले, एकटे. लग्न केलेलं नव्हतं. बहीण ब्रीज त्यांच्याबरोबर राहायची, ती काही वर्षांपूर्वी गेली. घरामागे थोडी गुरं, त्याच्यामागे पाणथळ कुरण, त्याच्यापलीकडे बॉग, म्हणजे दलदलीचा माळ. मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणायचे, तोंडावर जॉन-जो, कारण तिथे सगळे सगळ्यांना नावानेच हाक मारतात. कर्ल्यूंवर त्यांचा जीव होता. त्या कुरणातलं गवत ते पक्षी गेल्याशिवाय कापत नसत, कुणी सांगितलं नव्हतं तरी. विजेच्या कुंपणाला त्यांनी लगेच हो म्हटलं होतं. खांब ठोकायला स्वतः हातोडा घेऊन आले होते. “पक्षी बघायला ये कधीही. कुंपण घाल. बाकीचं बघू.”

बाकीचं म्हणजे पिंजरा. आयरिश माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. त्याचं ‘वी विल सी’ म्हणजे आपलं ‘बघू या’. मुलगी बघायला आलेले लोक पोहे खाऊन ‘कळवतो’ म्हणतात, त्या जातीचं.

ग्रोन्या डब्लिनची. तिला नकाशावर रंग हवे असत. परवानगी मिळाली तर हिरवा, नाही तर लाल.

“जॉन-जो अजून पिवळा का आहे?” तिने फोनवर विचारलं.

“कारण ते बघू म्हणाले.”

“बघू म्हणजे काय? हो की नाही?”

“ग्रोन्या, तू आयरिश आहेस की मी?”

“वीणा, अंडी आली आहेत. चार. कावळ्यांची जोडी त्याच्याच काटेरी झाडांत घरटं करून बसली आहे. पिंजरा शेजारच्या शेतात लावून काही उपयोग नाही, ते त्या जोडीचं राज्यच नाही. त्याला सही करायला सांग.”

मी सांगितलं. त्यातूनच तो तिसरा फॉर्म ब्रेडच्या डब्यामागे गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, मे महिन्यातल्या एका स्वच्छ सकाळी, मी नेहमीप्रमाणे रस्त्याच्या कडेला टेलिस्कोप लावून बसले होते. मादी अंड्यांवर होती. गवतात तिचं फक्त डोकं दिसत होतं. दोन कावळे आले. एक तिच्यासमोर उतरला आणि नाचायला लागला, पुढे उडी, मागे उडी. ती उठली आणि चोच रोखून त्याच्या अंगावर धावली. तेवढ्यात दुसऱ्याने मागून अंडं उचललं. तो ते घेऊन जॉन-जोंच्या दगडी बांधावर गेला, तिथे ते फोडलं, चोच पुसली आणि परत आला. मग दुसरं. मी उठून टाळ्या वाजवल्या, ओरडले, हात हलवले. एवढ्या लांबून त्यांना काय त्याचं. कुंपण कोल्ह्यांसाठी होतं, कावळ्याला कुंपण काय करणार? चारही अंडी गेल्यावर मादी रिकाम्या घरट्यावर येऊन परत बसली. ते मला बघवलं नाही. मी रडले. सरळ सांगते, त्या रस्त्यावर उभी राहून मी हुंदके देऊन रडले, आणि मग मला जबरदस्त राग आला.

त्या रागात मी सगळं शास्त्र मोडलं. गाडी गेटात आडवी लावली. जॅकेट अंगात तसंच. दार वाजवलं आणि उघडायच्या आत बोलायला लागले.

“अंडी गेली, जॉन-जो. चारही. तुमच्याच बांधावर बसून खाल्ली. आता ‘बघू’ म्हणू नका. बघण्यासारखं काही उरलेलं नाही.”

ते दारातच उभे राहिले. मग बाजूला झाले. “बस,” म्हणाले. चहा विचारला नाही, सरळ ओतला.

“परत घालतील का?” त्यांनी विचारलं.

“लवकर गेली आहेत, म्हणून घालतील. दोन आठवड्यांत. पण तीही गेली तर या वर्षीचं संपलं. आणि ही जोडी म्हातारी आहे. पुढच्या वर्षी येतीलच असं नाही. या बाजूला दुसरी जोडी नाही, तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे.”

“मग का नाही म्हणताय? तुम्हाला पक्षी नकोत का?”

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं मेयोचं इंग्रजी मी आता मराठीत सांगतेय, पण शब्द जवळपास तेच. ‘युअर मॅन’ म्हणजे तिकडे, नाव न घेता, ‘तो बाबा’.

“इथे एकदा एक पिंजरा होता. कोकरांचे डोळे फोडतात ना कावळे, म्हणून मीच हो म्हटलं होतं. गन क्लबचा माणूस होता, युअर मॅन, नाव कशाला घेऊ. त्याने पिंजरा लावला, आत एक कावळा ठेवला आणि शनिवारी कुणाच्या तरी लग्नाला गेला तो गेलाच. गॉलवेत कुठेतरी पीत बसला असेल. पिंजऱ्यातलं पाण्याचं भांडं उलटलं. ऊन होतं, इथे असतं कधीकधी. तो कावळा ओरडायला लागला. ती खिडकी आहे ना, तिच्यातून ऐकू यायचं. सकाळी, दुपारी. मग आवाज बसला त्याचा. मग थांबलाच.”

“तुम्ही गेला नाहीत?”

“दुसऱ्या माणसाचा पिंजरा होता.”

हे उत्तर मला तेव्हा पूर्ण कळलं, कारण तोपर्यंत मी तिथे पुरेशी राहिले होते. त्या गावांत कुणी कुणाच्या वस्तूला हात लावत नाही. दुसऱ्याचं गेट उघडं असेल तर उघडं ठेवायचं, बंद असेल तर बंद. दुसऱ्याने वाळत घातलेलं बॉगमधलं जळण पावसात भिजत असलं तरी त्याला विचारल्याशिवाय झाकायचं नाही. जमिनीवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झालेल्या गावांत हा सभ्यपणा असतो, आणि तो अंगात मुरलेला असतो. जॉन-जोंच्या स्वतःच्या शेतात, त्यांच्या स्वतःच्या खिडकीखाली एक पक्षी पाण्यावाचून मेला, आणि ते ओट्यापासून पाण्याचा मग घेऊन पन्नास पावलं चालू शकले नाहीत.

“ब्रीज म्हणाली, जा. मी म्हटलं, माझा नाही तो. ती खूप दिवस माझ्याशी बोलली नाही.” त्यांनी कप खाली ठेवला. “तुझ्या पिंजऱ्यातल्याचं शेवटी काय होतं?”

या प्रश्नाला प्रकल्पाचं ठरलेलं उत्तर होतं. ‘मार्गदर्शक सूचनांनुसार हाताळणी.’ ते माझ्या जिभेवर आलंही होतं.

“जुलैच्या शेवटी मी त्याला मारते,” मी म्हणाले. “मी स्वतः. क्षणात होतं. पण मारते.”

“युअर मॅन म्हणाला होता, सोडून देणार.”

“मी सोडणार नाही. तुम्हाला खोटं सांगून परवानगी घ्यायची नाहीये मला.”

“आणि तुला त्याचं काही वाटत नाही?”

मला वाटत होतं. पण ते कुणाला सांगितलं नव्हतं, श्रीकांतलाही नाही. त्या स्वयंपाकघरात, चिखलाचे बूट घालून, मी ते एका परक्या म्हाताऱ्याला सांगितलं.

आदल्या हिवाळ्यात माझे बाबा गेले. वादळामुळे विमानं बंद होती, नंतर तिकीट मिळेना, मला दहाव्याला पोचता आलं नाही. भावाने घाटावरून व्हिडिओ कॉल लावला. मी गाडीत बसून बघत होते. आमच्याकडे दहाव्या दिवशी भाताचे पिंड ठेवतात, मी जॉन-जोंना सांगितलं. कावळा येऊन शिवला की गेलेल्या माणसाचं मन शांत आहे असं समजायचं. नाही शिवला तर त्याची काही इच्छा राहिली आहे. मग एकेक जण पुढे होऊन त्याला वचन देतो.

“आणि?”

“कावळे होते. भिंतीवर ओळीने बसले होते. एकही येईना. भाऊ म्हणाला, आईला मी सांभाळेन. आत्या म्हणाली, देवाचं सगळं करू. मग भावाने फोन वर धरला, म्हणाला, वीणा, तू बोल. मी म्हटलं, बाबा, मी येते. कावळे जागचे हलले नाहीत. त्या आदल्या दोन वर्षांत मी किती मारले होते कुणास ठाऊक. मला वाटलं, मला ओळखलं यांनी. माझ्यामुळे येत नाहीत, आणि तिथे सगळे बाबांची कुठली इच्छा राहिली ते शोधतायत.”

बोलता बोलता मी परत रडायला लागले. जॉन-जोंनी डिश टॉवेल पुढे केला, दुसरं काही जवळ नव्हतं.

“मग आलाच नाही?”

“नाही. शेवटी गवताचा केला.”

“गवताचा कावळा?”

“हो. दर्भाचा. तो पिंडाला लावायचा. चालतो. अशी सोय असते.”

“बरं आहे तुमचं,” ते म्हणाले. “आमच्याकडे असली सोय नाही.” मग म्हणाले, “तुझ्यामुळे नसेल. तिथल्यांना इथलं काय माहीत?”

“कावळ्यांचं काही सांगता येत नाही.”

“तेही खरंच. एकमेकांना सांगतात ते.”

आणि आम्ही दोघंही हसलो. बाबा गेल्यानंतर त्या विषयावर मी पहिल्यांदाच हसले होते.

मग ते उठले, प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, एक जुना ॲल्युमिनियमचा मग काढला आणि टेबलावर ठेवला.

“पिंजरा लाव,” ते म्हणाले. “पण एक आहे. रोज सकाळी आधी इथे दार वाजवायचं. दोघं बरोबर जाऊ. आणि मला त्या पिंजऱ्याला हात लावायची परवानगी हवी. पाणी उलटलं, तू आली नाहीस, काहीही झालं, तर मी जाईन. वाटलं तर दार उघडेन. ते मला आधी विचारून ठेवायचंय.”

ज्या शेताची परवानगी मी तीन फॉर्म घेऊन मागत होते, त्याचा मालक त्याच्याच शेतात चालत जायची परवानगी माझ्याकडे मागत होता.

“दिली,” मी म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला. मी तो धरला. झालं. फॉर्म तसेच राहिले.

ग्रोन्याने विचारलं, “सही झाली?”

“तोंडी झालं.”

“तोंडी रेकॉर्डला चालत नाही.”

“मग ये आणि त्यांच्या हाताशी हात मिळवून जा, दोन साक्षीदार होतील.”

ती खरंच आली, चहाला पहिल्यांदा नको म्हणाली, दुसऱ्यांदा नको म्हणाली, तिसऱ्यांदा बसली आणि गावातल्या फुटबॉलवर तासभर बोलून गेली. नकाशा हिरवा झाला.

ते दिवस मला फार आठवतात. आता आम्ही डब्लिनजवळ ओंगारला राहतो, श्रीकांतची नोकरी इकडे आली. माझं काम आता बरंचसं स्क्रीनवर असतं. मुलगी मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देते आणि माझ्या चिखलाच्या बुटांना ‘युअर स्मेली येलो वेलीज’ म्हणते. ते बूट मी टाकलेले नाहीत. कधीकधी सकाळी उठल्यावर क्षणभर वाटतं, उशीर झाला, जॉन-जो वाट बघत असतील.

कारण ते खरंच वाट बघत असायचे. दार वाजवायच्या आत उघडायचं. हातात मग. आम्ही कुरणाच्या कडेने जायचो, दवाने पँट गुडघ्यापर्यंत ओली व्हायची. जाताना ते कुठल्या कोपऱ्यात लहानपणी किती कर्ल्यू असायचे ते सांगायचे. शाळेतून येताना त्यांची आणि ब्रीजची पैज लागायची, घरी पोचेपर्यंत कुणाला आधी शीळ ऐकू येते. “तेव्हा ती पैज सोपी होती,” म्हणायचे. पिंजऱ्यापाशी पोचलं की मी दांडी, दार, छप्पर तपासायचे आणि ते पाणी भरायचे. भांडं उलटू नये म्हणून त्यांनी ते तारेने खांबाला बांधलं होतं. कॉल बर्डसाठी मी प्रकल्पाचं खाद्य न्यायचे, शिवाय घरचा थोडा भात. भात का, ते त्यांनी विचारलं नाही.

त्या काटेरी झाडांतली कावळ्यांची जोडी पहिल्याच आठवड्यात सापडली. आधी नर, मग दोन दिवसांनी मादी. मी माझं काम केलं. जॉन-जो त्या वेळी पाठ फिरवून बॉगकडे बघत उभे राहिले, पण गेले नाहीत. आणखी एक-दोन कावळे आले, तेही गेले. मग कुरण शांत झालं.

मेच्या शेवटी कर्ल्यूने परत अंडी घातली. आता मला झोप लागेना. रात्री पावसाचा आवाज आला की श्रीकांत म्हणायचा, “अगं, तो पक्षी आहे, वॉटरप्रूफ आहे.” पण पिल्लं निघेपर्यंतचे ते चार आठवडे मी जशी जगले, तशी पुढे मुलीच्या इथल्या बोर्डाच्या परीक्षेलाही जगले नाही. एका सकाळी जॉन-जो दारात नव्हतेच. बघते तर ते बांधापाशी उभे, हाताने मला खाली वाकायची खूण करताहेत. मादी गवतातून चालत होती आणि तिच्या मागे, पायांच्या जंगलात अडखळत, तीन तपकिरी गोळे. चोच अजून सरळ आणि आखूड. वाकडी होते ती नंतर.

तिन्ही पिल्लं काही जगली नाहीत. एक गारठ्याने गेलं, एक कशाने ते कळलं नाही. तिसरं जगलं. जुलैच्या शेवटी एका संध्याकाळी ते बांधाजवळ पळत आलं, पंख झाडले आणि उडालं. फार नाही, बांध ओलांडण्यापुरतं. मग परत, मग बॉगवरून सरळ लांब. जॉन-जो टोपी काढून उभे होते. मला वाटलं आता काही तरी बोलतील.

“ग्रँड,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पिंजरा काढायचा होता. आम्ही रोजच्यासारखे गेलो. त्यांनी रोजच्यासारखं पाणी भरलं, मी भात ठेवला. कॉल बर्डचं खाऊन झाल्यावर मी त्याला बाहेर घेतलं. त्या वेळी मात्र जॉन-जोंनी पाठ फिरवली नाही.

“लगेच झालं?” त्यांनी विचारलं.

“लगेच.”

त्यांनी तारेची गाठ सोडून भांडं घेतलं आणि घरी जाऊन नळाखाली धुतलं. मग आम्ही चहा प्यायलो. मला वाईट वाटत होतं, आणि ते लपवावं असं वाटत नव्हतं. त्या घरात लपवायची गरज नव्हती.

पुढच्या मार्चमध्ये फोन वाजला. ओळखीचा नंबर नव्हता. जॉन-जोंकडे माझा नंबर होता, पण त्यांनी तो कधी वापरला नव्हता. फोनवर बोलणं म्हणजे त्यांच्या लेखी कुणीतरी मेल्याची बातमी.

“आले ते,” फोनमधला आवाज म्हणाला.

“कोण?”

“कर्ल्यू, दुसरं कोण? काल संध्याकाळी शीळ ऐकली. दोन आहेत. पिंजरा मी शेडमधून काढून धुऊन ठेवलाय, दाराची स्प्रिंग गंजली होती, ती बदलली. सोमवारपासून येतेस ना?”

“येते,” मी म्हणाले. “पण जॉन-जो, तुम्हाला या वर्षीचं आधी विचारायचं होतं...”

“काय विचारायचंय?” ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

आता नव्या मुलांना ट्रेनिंग द्यायला मला बोलावतात. मी त्यांना गाडी, जॅकेट, मार्टचा दिवस, चहा, सगळं सांगते. फॉर्म न्या, असंही सांगते, ऑडिटला लागतो. शेवटी सांगते की कुणी बघू म्हणाला तर चौथा फॉर्म नेऊ नका. त्याला तुमच्याकडून कशाची परवानगी हवी आहे, ते विचारा. मुलं हे लिहून घेतात आणि मग विचारतात, फॉर्म ऑनलाइन आहे का.